ह्यांचे चार किलो

३ जानेवारी १९८८, रविवार

शाळेतल्या पन्नास मुलांची वजनं मी दर वर्षी प्रगतिपुस्तकात लिहिते. घरातल्या माणसाचं कधी लिहिलं नव्हतं. आजपासून लिहिणार आहे, म्हणून ही वही.

सप्टेंबरात ह्यांना कंपनीत झटका आला. अंबरनाथच्या कंपनीत हे इलेक्ट्रिक खात्यात आहेत. शिडीवरून उतरले आणि छाती धरून खालीच बसले. डॉक्टर म्हणाले सौम्य आहे, पण प्रेशरही वाढलेलं आहे. अकरा दिवस हॉस्पिटल, दोन महिने घर. नोव्हेंबरपासून पुन्हा कामावर जातात, फक्त शिडीवर चढत नाहीत. गोळ्या मात्र कायमच्या लागल्या. सकाळची आणि संध्याकाळची, दोन्ही स्वतःच्या पिशवीत ठेवतात, वेळेवर घेतात.

हॉस्पिटलच्या कागदावर वजन होतं बासष्ट किलो. आज भरलं साडेचौसष्ट. वजनकाटा शाळेचा आहे. आरोग्य तपासणी जुलैत होते, तोवर तो कपाटात पडून असतो आणि किल्ली माझ्याकडे असते. रिक्षात घालून विठ्ठलवाडीला घरी आणला. मुख्याध्यापिकाबाईंना अजून सांगितलेलं नाही. सांगेन.

घरात मीठ कमी, तेल कमी, पापड बंद. तरी अडीच किलो. म्हणजे बाहेर खातात. दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

४ जानेवारी

आजपासून भात बंद, साखर बंद. सुकट तर डॉक्टरांनीच बंद केली होती. मी तिची बरणीसुद्धा बनूबाईंकडे वर पोचवली, म्हणजे वासही नको. सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस, रात्री एक भाकरी आणि पाण्यात शिजवलेली भाजी.

ह्यांना सगळं समजावून सांगितलं. "बरं" म्हणाले. हरिचंद्र हे नाव ठेवणाऱ्यानं फार विचार करून ठेवलंय. माणूस कधी खोटं बोलत नाही, कारण मुळात बोलतच नाही.

१० जानेवारी, रविवार

पासष्ट.

आठवडाभर दुधी पिऊन अर्धा किलो वाढलं. मी दोनदा उभं केलं, चप्पल काढायला लावली, खिशातला टेस्टर काढायला लावला. पासष्टच.

संध्याकाळी बनूबाई खाली आल्या. त्यांनी काल दुपारी ह्यांना कॅम्प पाचच्या सिंधी बाजारात पाहिलं. कुठे, तर त्या मोठ्या हलवायाच्या दुकानापाशी. बनूबाईंना हे सांगताना वाईट वाटत होतं, पण खूप वाईट वाटत नसावं.

कंपनी अंबरनाथला, घर विठ्ठलवाडीला. कॅम्प पाचमध्ये ह्यांचं काय काम? ह्यांना काही विचारलं नाही. पुरावा हवा.

१६ जानेवारी, शनिवार

पुरावा मिळाला. आज हे दीड तास उशिरा आले. पँट धुवायला घेतली तर कमरेपाशी पांढरी भुकटी. पिठीसाखर. जिभेला लावून पाहिली. गोड लागली नाही, पण जुनी साखर कधी कधी चव सोडते.

मागच्या शिवणीला दोराही नवीन दिसला, जरा वेगळ्या रंगाचा. कंपनीत कुठे अडकून उसवली असेल, तिथेच कुणाकडून शिवून घेतली असेल. मला सांगायला काय झालं होतं?

२४ जानेवारी, रविवार

साडेपासष्ट. आता मला काट्याचाच संशय येतोय. कारण ह्यांची पँट दिवाळीत बसायची तशीच आजही बसते. साडेतीन किलोंनी वाढलेल्या माणसाची पँट बसेल का? खात्री करायला मी स्वतः उभी राहिले. काट्यानं माझ्याबाबतीत जो आकडा दाखवला तो इथे लिहिण्यासारखा नाही. काटा नक्कीच बिघडलेला आहे.

३१ जानेवारी

कॅम्प चारच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. बाहेर चाळीस माणसं, आत दोन मिनिटं. प्रेशर छान आहे म्हणाले, एकशे तीस, तेच चालू ठेवा. हे नेहमीसारखे उठायला लागले, तेव्हा मीच वजनाचं काढलं. डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, खाणं कमी करा.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते.

परत येताना ह्यांनी एवढंच सांगितलं की हातपाय जड वाटतात, बोटं गार पडतात, जिना चढताना अंगात शिसं भरल्यासारखं होतं. मी म्हटलं, वजन वाढलं की असंच होणार.

७ फेब्रुवारी, रविवार

सहासष्ट. चार किलो वाढले.

आज मी नको ते बोलले. काट्यावर उभे असतानाच म्हटलं, तुम्हाला जगायचंय की नाही ते एकदा सांगून टाका, म्हणजे मी तरी दुधी किसायची थांबेन. शालन नाशिकला सुखात आहे, तिच्या घरी बाळ येणार आहे, त्याला आजोबा हवेत की नकोत? हे कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले. मग खाली उतरले, काटा नीट भिंतीला लावून ठेवला आणि माझा आणि त्यांचा चहाचा कप धुऊन टाकला.

मला वाईट वाटलं. पण नवरा जाण्यापेक्षा वाईट वाटलेलं परवडलं.

१३ फेब्रुवारी, शनिवार

शाळा सुटल्यावर तडक कॅम्प पाच गाठलं. हलवायाच्या समोर बांगड्यांचं दुकान आहे, तिथे अर्धा तास बांगड्या बघत उभी राहिले. शेवटी त्या माणसानं विचारलं, "बाई, लेना है या सिर्फ देखना है?" मग एक डझन घ्याव्या लागल्या.

हे हलवायाच्या दुकानातून आले नाहीत. शेजारच्या बोळातून आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, चांगलं हातभर लांब. बोळात हलवायाचा मागचा दरवाजा असणार. हातभर मिठाई, एकट्या माणसाला.

घरी आले तेव्हा हातात फक्त नेहमीची पिशवी. जेवताना भाजी पाण्यात शिजवलेली होती, ती त्यांनी दोनदा मागून घेतली. एवढी मिठाई खाऊन वर भूक कशी राहते?

२१ फेब्रुवारी, रविवार

काटा आज काढला नाही, कारण पाहुणे होते. ह्यांच्या खात्यातले बुधाजी बायकोसह आले होते. बुधाजींनाही प्रेशर आहे, ते दीड वर्षापासून हीच गोळी घेतात. पोट केवढं सुटलंय त्यांचं. पूर्वी ते कंपनीच्या कबड्डी संघात होते, आज सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

दोघे गॅलरीत बराच वेळ बोलत उभे होते. हे इतकं बोलतात हे मी प्रथमच पाहिलं. मी तोवर बुधाजींच्या बायकोला पथ्याचा तक्ता लिहून दिला. ती बिचारी म्हणाली, ताई, आमच्या घरी पण हे काही खात नाहीत हो. मी म्हटलं, घरी खात नाहीत.

२८ फेब्रुवारी, रविवार

साडेपासष्ट. उतरलं.

माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ह्यांना उतरून पुन्हा चढायला लावलं. साडेपासष्टच. गेल्या रविवारच्या माझ्या त्या बोलण्याचा परिणाम झाला म्हणायचा, म्हणजे त्याच्या आधीच्या आधीच्या.

१३ मार्च, रविवार

साडेचौसष्ट. दीड किलो उतरलं.

आणि नुसतं वजन नाही, माणूस बदललाय. जिना पूर्वीसारखा भराभर चढतात. हातपाय जड होतात ही तक्रार गेली, बोटं गरम असतात. कालचा शनिवार वेळेवर घरी आले. शिक्षकांच्या खोलीत आता सगळ्याजणी माझा तक्ता उतरवून घेतात. मुख्याध्यापिकाबाईंनीही घेतला. काट्याचं तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, पण तक्त्याचं कौतुक चालू असताना मध्येच काटा कशाला.

औषधाच्या दुकानाशी थांबून ह्यांना विचारलं, गोळ्या घ्यायच्या का. म्हणाले, आहेत अजून. बरं झालं, एक फेरी वाचली.

२७ मार्च

चौसष्ट. तरी आज जरा खटकतंय, ते लिहून ठेवते. ह्यांचं डोकं दुखतं. दोन-तीनदा अमृतांजन मागितलं. झोप नीट लागत नाही म्हणतात. चेहरा लालसर दिसतो. बनूबाई म्हणतात तो तजेला आहे. मलाही आधी तसंच वाटलं होतं. साखर सुटली की काही दिवस डोकं दुखत असेल, असं मी मनाशी धरलंय. खात्री नाही.

डॉक्टरांकडे चला म्हटलं तर म्हणाले, जयंती होऊ दे, मग जाऊ.

दर वर्षी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आमच्या वस्तीच्या लेझीम पथकात हे पुढे असतात. गेली बावीस वर्षं. डॉक्टरांनी सहा महिने दगदग नको म्हटलं होतं, ते मार्चअखेर संपतात. पथकातली माणसं विचारून गेली. हे हो म्हणाले, आणि त्या वेळी माझ्याकडे बघितलंच नाही.

१० एप्रिल, रविवार

त्रेसष्ट. जयंतीची पांढरी पँट घालून बघितली तर कमरेत ढगळ. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढावा लागला.

मला हे गणित सुटत नाही. दिवाळीत हीच पँट बरोबर बसायची. सहासष्ट किलोंना बरोबर बसायची. आता त्रेसष्टला ढगळ. चौथीच्या मुलानं असं उत्तर आणलं असतं तर मी पुन्हा करायला लावलं असतं.

१४ एप्रिल

हे हॉस्पिटलात आहेत. जिवंत आहेत. आज एवढंच.

१७ एप्रिल, रविवार

आज लिहिते. धोका टळला असं सकाळी सांगितलं.

मिरवणूक चारला निघाली. हे पुढे होते, डोक्याला निळा फेटा, लेझीम हातात. मी बायकांमध्ये मागे होते, पण मला त्यांचा फेटा दिसत होता. चौकात आल्यावर ताल वाढला, आणि फेटा दिसेनासा झाला. मला वाटलं वाकून खेळतायत. मग पथक थांबलं.

एका दुकानाच्या पायरीवर बसले होते. घामानं सदरा अंगाला चिकटलेला, चेहरा राखेसारखा. लेझीम मांडीवर नीट ठेवलेली. मला म्हणाले, घाबरू नको. पथकातल्यांनी उचलून टेम्पोत घातलं.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. प्रेशर दोनशेच्या वर निघालं. त्यांनी विचारलं, गोळ्या नियमित चालू आहेत ना. ह्यांच्या आधी मीच सांगितलं, एकही चुकत नाही. त्यांनी माझ्याकडे लक्ष न देता ह्यांनाच पुन्हा विचारलं.

"बंद केल्यात," हे म्हणाले. "बावीस फेब्रुवारीपासून."

मी खाटेची दांडी धरली.

"का बंद केल्यात?"

"त्यांनी वजन वाढतं, असं बुधाजी म्हणाला. ही दर रविवारी मला काट्यावर उभं करायची. मी काही खाल्लेलंच नव्हतं. मग सांगणार काय?"

डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढलं आणि आमच्या दोघांसमोर बसल्या. चिठ्ठी लिहिता लिहिता बोलल्या नाहीत, पेन खिशात ठेवून बोलल्या. त्या म्हणाल्या, ह्या जातीच्या गोळीनं काहींचं वजन वाढतं. हृदय सावकाश चालतं, अंगाला आळस येतो, हातपाय गार पडतात. दोन-तीन किलो पहिल्या काही महिन्यांत वाढतात आणि बहुतेकांचं तिथेच थांबतं. थोडं वजन बसून राहण्यानंही वाढलं असेल. हे तुम्हाला सुरुवातीलाच कुणीतरी सांगायला हवं होतं. पण ही गोळी एकदम सोडली की आवरून धरलेलं हृदय उधळतं. नवा झटका आलेला नाही, मात्र फार थोडक्यात चुकलाय.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे चार किलो राहू देत, बाई. ह्यांना सांभाळायचंय, काट्याला नाही."

त्या गेल्यावर मी विचारलं, मला का नाही सांगितलंत.

"तू एवढ्या मनापासून दुधी किसायचीस," म्हणाले.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. मग तोंड धुऊन आत आले.

१९ एप्रिल

दुपारी मिरवणुकीतली बातमी ऐकून एक उंच, पिकल्या केसांचे गृहस्थ खाटेशी येऊन उभे राहिले. गळ्यात मापाची फीत तशीच होती. होतचंद मास्टर, कॅम्प पाचमध्ये शिलाईचं दुकान. हलवायाच्या शेजारच्या बोळात.

ह्यांनी डोळे मिटून घेतले. मास्टरांना वाटलं झोप लागली, म्हणून मला हळू आवाजात सगळं सांगितलं. साहेब दर शनिवारी एकेक पँट कागदात गुंडाळून आणायचे. मास्टर खडूनं खूण करायचे, मागची शिवण उसवून सैल करून द्यायचे. तीन पँटी, प्रत्येक दोन वेळा. फेब्रुवारीत त्यांनी साहेबांना सांगितलं होतं, "अब अंदर कपडा नहीं बचा." तेव्हा साहेबांनी विचारलं होतं की वरून जोड लावला तर घरी कळेल का. भाभींना टेन्शन येतं, म्हणाले होते.

मी ऐकत होते. खडू. जुनी पिठीसाखर चव सोडते असं मी याच वहीत लिहिलंय. खोडणार नाही, राहू दे.

मग मला हसू यायला लागलं. आधी आवरलं, मग आवरेना. ह्यांनी एक डोळा उघडला आणि मी हसतेय हे बघून दुसरा उघडला. मास्टर म्हणाले, साहब जाग गये. त्यांनी डब्यातून दाल-पकवान आणलं होतं. ते मी आणि मास्टरांनी खाल्लं, आणि ह्यांना वास दिला.

२५ एप्रिल, सोमवार

काल घरी आलो. गोळी सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर. मी हातात देते, ते घेतात. मी तोंड उघडून दाखवायला सांगत नाही. कालच्या दिवसात दोनदा मोह झाला.

आज काटा शाळेत परत नेला आणि मुख्याध्यापिकाबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या, पण काट्यासाठी कमी आणि तक्त्यासाठी जास्त. पंधरा दिवस त्यांनी दुधी प्यायला होता. मग शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं की ह्यांचं वजन माझ्या तक्त्यानं उतरलं नव्हतं, औषध सोडल्यानं उतरलं होतं, आणि त्यात ते मरता मरता वाचले. सुट्टीत संगीताच्या बाई जवळ येऊन म्हणाल्या, माझी आई पण अशीच गोळी घेते, मी तिला रोज बोलते.

बुधाजींच्या घरी निरोप पाठवलाय. गोळी सोडू नका, आणि बायकोनं नवऱ्यावर विश्वास ठेवावा.

८ मे, रविवार, कुळगाव

सुट्टी लागली म्हणून थोरल्या बहिणीकडे, भागीरथीताईकडे, बदलापुरात कुळगावला आलोय. ह्यांनीही रजा टाकली. डॉक्टरीणबाईंनी परवाच तपासलं. प्रेशर एकशे चौतीस. रोज सकाळी चालायला सांगितलंय, आधी थोडं, मग नदीपर्यंत.

ह्यांच्या पोटाला पुन्हा गोलाई यायला लागली आहे. होतचंद मास्टरांनी नव्या दोन पँटी शिवून दिल्या, आत भरपूर कापड सोडून. ताई मिठाशिवायचं कालवण वेगळं काढते आणि ह्यांना म्हणते, दाजी, तुम्ही आता कुठे जावयासारखे दिसायला लागलात. हे हसतात. गेल्या दोन आठवड्यांत हे माझ्याशी जितकं बोलले तितकं लग्नानंतरच्या दोन वर्षांत बोलले नसतील. काल विचारत होते, शालनच्या बाळाला काय म्हणायचं, आबा की आजोबा.

२२ मे, रविवार, कुळगाव

आज पहिल्यांदा उल्हास नदीपर्यंत चालत गेलो. पहाटेच निघालो, तरी उकडत होतं.

ह्यांना दम लागतो, पण कबूल करायचे नाहीत. गाव सुटेपर्यंत ठीक चालले, मग थांबायला लागले. एकदा विजेच्या खांबावर कुठली तार कुठे जाते ते मला समजावून सांगायला थांबले. एकदा करवंदाची जाळी बघायला. एकदा कुणाच्या म्हशीची शिंगं किती मोठी आहेत ते बघायला. चढावर तर दोनदा चपलेतला खडा काढला. खडा मला काही दिसला नाही. मला स्वतःला एवढी धाप लागली होती की बोलता येत नव्हतं, पदर घामानं भिजला होता. मग झटका येऊन गेलेल्या माणसाचं काय होत असेल? प्रत्येक वेळी मी शेजारी शांतपणे उभी राहिले, माझा श्वास जागेवर आला की तेही निघायचे.

घरी येऊन ताईला हळूच सांगितलं की हे रस्त्यात पाच वेळा थांबले. ताई आधी माझ्याकडे बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. कारण विचारलं तर सांगेना. हे ओट्यावर बसून पेपर वाचत होते, त्यांनी पेपर आणखी वर धरला.

मी ह्यांना काहीच बोलले नाही. माणसाला आपला थकवा दाखवायचा नसतो, एवढं या चार महिन्यांत मला कळलंय. उद्यापासून मी आणखी सावकाश चालणार आहे, त्यांच्यासाठी.